आंबिया रायडर्सचा पॉइंट गार्ड

५ ऑक्टोबर. सकाळी.

डिसेंबरात नवा सीझन. आजपासून रोज लिहिणार. संघातले बदल, प्रतिस्पर्धी, स्वतःची तयारी. मोठे खेळाडू असं लिहितात म्हणे. मी आतापर्यंत लिहिलं नाही, पण त्यांच्यात आणि माझ्यात तेवढाच फरक होता.

लीग : वऱ्हाड प्रो बास्केटबॉल. संघ : आंबिया रायडर्स, अमरावती. मालक : हाजी अब्दुल सत्तार शेठ, शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे व्यापारी. संघाला त्यांनी संत्र्याच्या बहाराचं नाव दिलं. मृग रायडर्सही चाललं असतं, पण त्या वर्षी मृगाचा बहार फुटला नव्हता.

मी पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचं डोकं. गेल्या सीझनला मला फारसं मैदानात उतरवलं नाही. कोच शेखर सर म्हणायचे, धम्मदीप, तू बस, तुझी गरज पुढं लागेल. पुढं म्हणजे या वर्षी.

माया आणि पिंकी जूनपासून अकोल्याला आहेत. मायाची जिल्हा परिषदेत बदली झाली, पिंकीला तिकडेच शाळेत घातलं. मला संघामुळे अमरावती सोडता येत नाही. घरी मी आणि बाबा. काही वाटत नाही. कुकर लहानवाला लावतो, एवढंच.

संकल्प : रोज पहाटे वडाळी तलावाला फेऱ्या.

६ ऑक्टोबर.

फेऱ्या उद्यापासून. एक बूट सापडला. दुसरा बाबांनी मांजराला मारला होता, तो शेजारच्या टिनांवर आहे.

८ ऑक्टोबर.

बूट उतरवला. ओला आहे.

लिलाव झाला. संघबदल पुढीलप्रमाणे. लुधियाण्याचा एक सेंटर घेतला, उंची इतकी की लॉजमध्ये त्याला दोन पलंग जोडून दिले. इंदूरचा एक शूटर. आणि अंजनगाव सुर्जीचा एक पोरगा, शाकीब, पॉइंट गार्ड, ट्रायलवर.

शेठ खेळाडू कसे घेतात ते पाहण्यासारखं असतं. बाकीचे मालक लॅपटॉप घेऊन बसले होते. शेठ खेळाडूभोवती एक चक्कर मारतात, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाहतात, पोटऱ्या दाबतात आणि विचारतात, पाणी कुठलं. बगीचा घेतात तसंच. सेंटरला हिंदी येत होती तरी तो घाबरला.

शाकीब माझा बॅकअप म्हणून घेतलेला दिसतो. दूरदृष्टी चांगली आहे. माझ्यानंतर कोण, हा विचार कधीतरी करायलाच हवा.

९ ऑक्टोबर.

शेठचा बाबांना फोन. त्या शाकीबला तुमची वरची खोली द्या, लॉजवर पोरगं बिघडते. बाबा एस.टी.त मेकॅनिक होते तेव्हा शेठच्या संत्र्याच्या ट्रकांचं काम सुट्टीच्या दिवशी करायचे, ती ओळख. बाबांनी हो म्हटलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं. बॅकअपने मूळ खेळाडूजवळ राहून शिकावं.

फेऱ्या नाहीत. खोली झाडली, तोच व्यायाम.

१२ ऑक्टोबर.

शाकीब आला. एक बॅग, एक बॉल, अम्मीने दिलेला लोणच्याचा डबा. मला भैया म्हणतो, बाबांना दादाजी. पहाटे उठून वडाळी तलावाला फेऱ्या मारून आला. मी त्याला सांगितलं, एवढं पळून ऊर्जा घालवायची नसते. तो हो म्हणाला.

वय लहान, उजव्या हाताचा ड्रिबल वेगवान, डाव्या हाताचा त्याहून वेगवान. पण अनुभव नाही. रेटिंग : साधारण.

१५ ऑक्टोबर.

प्रतिस्पर्धी संघांचं मूल्यमापन. दुपारी जेवणानंतर केलं, मन शांत असतं.

नागपूर : पैसेवाले. परदेशी कोच. एसी बस. मुलं सुखावलेली. तिसऱ्या क्वार्टरनंतर दम नाही. धोका मध्यम.

अकोला कॉटन किंग्ज : सर्वात कठीण. त्यांचे सगळे खेळाडू मे महिन्यात सरकीच्या गोदामांत सराव करतात, त्यांना हॉल थंड लागतो. शिवाय अकोल्याचं पब्लिक. गेल्या वर्षी माझ्या अंगावर पॉपकॉर्न फेकलं, मी तर बेंचवर होतो.

अंजनगाव : पानमळेवाल्यांनी वर्गणी करून काढलेला संघ. मध्यंतरात खेळाडूंना विडा देतात म्हणतात. दुर्लक्ष करायला हरकत नाही.

शाकीब म्हणाला, अंजनगाववाल्यांनी त्यालाही विचारलं होतं, पण अम्मी म्हणाली की अमरावतीलाच नाव होते. अम्मी हुशार आहे.

१८ ऑक्टोबर.

सराव सामना. दहा मिनिटं खेळलो. गुडघा ठीक. उजवा. डावाही तसा ठीकच. शेखर सर शाकीबला म्हणाले, असंच खेळत राह्य. मला म्हणाले, घरी बाबा कसे आहेत. सर जुन्या खेळाडूंशी घरच्यासारखं वागतात.

संध्याकाळी शाकीबला राजकमल चौकात गिलावडा खाऊ घातला आणि शेठचा रिवाज समजावून सांगितला. नव्या पोराला माहीत असलेलं बरं. दिवाळीनंतर संत्र्याची पहिली तोड झाली की ज्या बगीचाचा सौदा पक्का, त्या घरी शेठ त्याच तोडीतली एक पेटी पाठवतात. ज्याचा सौदा नको, तिकडे फिरकत नाहीत. नाही म्हणत नाहीत. धंद्यात नाही हा शब्द शेठने कधी उच्चारला नाही, त्यांच्या वडिलांनीही नाही. संघातही तेच. ज्याच्या घरी पेटी आली त्याने कॅम्पला यायचं. ज्याच्या घरी आली नाही त्याने आपलं आपण समजून घ्यायचं. मागच्या वर्षी आमच्या जुन्या सेंटरला पेटी आली नाही. तो गुपचूप समजला, आता तिवस्याला जिम चालवतो.

शाकीबने विचारलं, आणि समजलंच नाही एखाद्याले त? मी म्हणालो, असं कोणाच्या बाबतीत होत नाही.

२३ ऑक्टोबर.

दिवाळीच्या सुट्टीत माया आणि पिंकी आल्या आहेत. पिंकीची उंची वाढली. तिला शाकीबने जिन्याखाली ड्रिबल शिकवला. मला सुचलंच नव्हतं.

मायाने विषय काढला. पिंकीच्या शाळेला बास्केटबॉलचा सर पाहिजे. मुलींचा संघ काढायचा आहे. मायाने माझं नाव टाकून ठेवलं, प्रिन्सिपल बाईंनी होकार दिला. दहा नोव्हेंबरपर्यंत हो कळवायचं, नाहीतर दुसरा बघतील. गोरक्षण रोडला तिला खोल्याही चांगल्या मिळाल्यात, बाबांसाठी खालची खोली आहे, जिना चढायचं काम नाही.

मी म्हणालो, विचार करतो. माया भाकरी थापत होती. म्हणाली, "संघानं तुमाले घेतलंच नाही, त काय करसान?" मी तिला शांतपणे समजावलं की हा प्रश्नच उद्भवत नाही. तिने भाकरी उलटली. माझ्या बाजूने चर्चा संपली.

२६ ऑक्टोबर.

दोघी गेल्या. बडनेऱ्याला गाडीत बसवून दिल्या. पिंकी खिडकीतून हात हलवत होती, मीही हलवला. गाडी गेल्यावर स्टेशनबाहेर आलूपोंगा खाल्ला. काही वाटलं नाही. तिखट जास्त होतं, डोळ्यांत पाणी आलं.

संकल्प : उद्यापासून फेऱ्या, पाठांतरासकट. पाठांतर म्हणजे संघाचे सेट प्ले.

३० ऑक्टोबर.

फेऱ्या झाल्या नाहीत. धुकं होतं. धुक्यात कुत्री दिसत नाहीत.

सत्तार शेठची तोड सुरू झाल्याचं शाकीबने मोबाइलवर दाखवलं. शेठच्या मुलाने व्हिडिओ टाकला. झाडाखाली सगळं केशरी. मी शांत आहे. ज्याला खात्री असते तो शांत असतो.

३ नोव्हेंबर.

सेंटरच्या लॉजवर पेटी आली. इंदूरच्या शूटरलाही आली. आमच्याकडे नाही. पत्ता आडवळणी आहे. मी गेटवर घराचा नंबर नव्याने रंगवला.

५ नोव्हेंबर.

आली नाही. दिवसभर ओसरीत बसलो. वॉर्मअप बसूनही करता येतो.

७ नोव्हेंबर.

मायाचा फोन. दहा तारीख जवळ आली. मी म्हणालो, कळवतो. ती म्हणाली, नुसतं हो म्हणायला कितीसा वेळ लागते. शाकीबही दोन दिवस जेवत नाही नीट. बाबांनी त्याला कढी-गोळे करून घातले, तरी एकच भाकर खाल्ली. मी त्याला म्हणालो, पहिल्या वर्षी घेतलं नाही तरी मन लहान करायचं नाही, मीही सुरुवातीला दोनदा नाकारला गेलो होतो. तो म्हणाला, हो भैया.

८ नोव्हेंबर. दुपार.

पेटी आली.

मी बँकेत केवायसीला गेलो होतो. परत आलो तर ओसरीत पेटी. लाकडी, वर केळीची पानं, आत संत्री. शेठचा बोलेरोवाला ठेवून गेला. बाबा म्हणाले, "डायवर म्हणे खेळाडूची हाय." मी म्हणालो, म्हणजे माझी. बाबा म्हणाले, वरचाई त खेळतेच नं. मी बाबांना समजावलं की घर आपलं, गेटवरचा नंबर आपला, संघात जुना मी. बाबांना एस.टी.चं इंजिन कळतं, खेळातलं कळत नाही.

लगेच प्रिन्सिपल बाईंना लांब मेसेज लिहिला. आभार मानले, व्यावसायिक जबाबदारीमुळे या वर्षी शक्य नाही असं कळवलं. मायालाही तोच पाठवला. दोन निळ्या टिक्स आल्या. उत्तर नाही. नेट कमी असावं.

मग पेटीशी बसलो. पहिलं संत्रं सोललं तोच शाकीब जिन्यावरून खाली आला. फोन कानाला, चेहरा फुललेला, इतका खूश मी त्याला पाहिलाच नव्हता. त्याने पेटी पाहिली. मग मला पाहिलं. फोन हळूच खिशात टाकला.

मी त्याला दोन संत्री दिली. म्हटलं, घे, माझ्या पेटीतली आहेत, लकी असतात. पुढच्या वर्षी तुझी. त्याने ती घेतली. माझ्या हातातलं सोललेलं संत्रं बघत राहिला. मग म्हणाला, "मुबारक हो, भैया." आणि खाली बसून माझ्याबरोबर खाल्लं. साल आत घरात नेऊन टाकली. संस्कार आहेत पोरावर.

शेजारी चार घरी वाटली. गोड निघाली. या वर्षी पाऊस लांबला, तरी गोड.

११ नोव्हेंबर.

शाकीब गेला. अंजनगावला. सकाळीच बॅग भरली, बाबांच्या पाया पडला, लोणच्याचा डबा धुऊन घेतला. मी त्याला स्टँडपर्यंत सोडलं. अपयश पचवण्यावर चार शब्द बोललो. बसमध्ये बसेपर्यंत ऐकत होता.

परत आलो तर बाबा ओसरीत बसलेले. म्हणाले, "तो पोरगा काहून गेला, इचार." मी म्हणालो, पेटी आली नाही म्हणून. बाबा उठले आणि गेटची कडी लावली, दिवसाढवळ्या.

वरची खोली रिकामी आहे. तिथे ट्रॉफ्या ठेवता येतील.

१६ नोव्हेंबर.

कॅम्प सुरू. मी सर्वांच्या आधी हजर. सगळ्यांनी मला पाहिलं आणि सगळे गप्प झाले. जुन्या खेळाडूचा दरारा असतो.

जर्सी वाटल्या. माझा सात नंबर आहे, पण साइज भलतीच लहान शिवली. खांद्यात शिरत नाही. टेलरची चूक. गेल्या वर्षीचीच घातली.

शेखर सरांनी विचारलं, शाकीब कुठे? मी म्हणालो, गेला बिचारा. सर म्हणाले, कुठं? मी म्हणालो, घरी. मग त्यांनी विचारलं, पेटी घरी कोणी घेतली. मी म्हणालो, बाबांनी, पण उघडली मी. सर बाहेर जाऊन फोनवर बोलले. हॉलच्या काचेतून त्यांचा एक हात वर-खाली होताना दिसत होता. परत आले तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवली नाही, सगळे आपोआप सरावाला लागले.

मला पास कमी मिळाले. डिफेन्सला गाफील ठेवण्याची युक्ती असावी.

१९ नोव्हेंबर.

पास मिळाले नाहीत. पण मैदानात माझी पोझिशन योग्य होती. लुधियाण्याच्या सेंटरने मला विचारलं की भाईसाब, आप टीम के साथ हो ना. मी हो म्हणालो. तो म्हणाला, अच्छा.

कोणी काही म्हणत नाही, याचा अर्थ सगळं सुरळीत आहे. ज्याचं काम चांगलं, त्याला कोण कशाला बोलेल.

२१ नोव्हेंबर.

धक्कादायक बातमी. पेपरात आतल्या पानावर. शाकीबने अंजनगावशी करार केला. फोटोत त्याच्या गळ्यात पानांचा हार आहे.

प्रतिस्पर्धी संघांचं मूल्यमापन सुधारावं लागेल. अंजनगाव : डावा हात अतिशय वेगवान, उजवा त्याहून थोडा कमी. पहाटे फेऱ्या मारणारा गार्ड. घरच्या लोकांत खेळणार. सर्वात कठीण प्रतिस्पर्धी. आमच्याकडे नाकारलेल्या पोराला त्यांनी लगेच कसं घेतलं, हे कळत नाही. आमचा एवढा चांगला बॅकअप सोडायला नको होता. मी शेठना सुचवायला हवं होतं.

मायाला बातमी पाठवली. तिने फक्त बोट वर केलेलं चित्र पाठवलं. ते लाइक आहे की थांबा असं आहे, कळलं नाही.

२३ नोव्हेंबर. रविवार.

सत्तार शेठ घरी आले.

बोलेरो गेटशी थांबली. शेठ स्वतः उतरले. बाबांनी खुर्ची टाकली. मी आत जाऊन शर्ट बदलला, कारण मला वाटलं कॅप्टनपदाचं बोलणार.

चहा झाला. शेठ बाबांशी बोलत राहिले. संत्र्याच्या झाडांवरचा डिंक्या रोग, बांगलादेशला माल जातो की नाही, बाबांच्या पायाची सूज. शेठनी खुर्ची सारखी पुढे-मागे केली. मला कोणी काही विचारलं नाही. मी दारात उभा होतो.

मग शेठ माझ्याकडे वळले. टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. म्हणाले, "धम्मदीप, ते पेटी तुमची नव्हती. शाकीबची होती."

मी म्हणालो, माझी पेटी मग कुठे गेली?

शेठ बाबांकडे पाहत होते. माझ्याकडे पाहायला वेळ लागला. "नाही," ते म्हणाले. "तुमाले या साली घेतलं नाही. मी कोणाले असं तोंडानं सांगितलं नाही आजवर. तुमाले सांगून राह्यलो."

बाबांनी मान खाली घातली. मला असं वाटलं की शेठना पाणी द्यावं. दिलं. ते प्यायले. जाताना म्हणाले, कॅम्पला यायची तसदी घेऊ नका, उद्यापासून हॉलचं गेट वेगळ्या वेळेला उघडेल. तो नियम माझ्यासाठीच केला, हे मला ते गेल्यावर कळलं.

काही वाटलं नाही. संध्याकाळी शेव-भाजी केली, मीठ दोनदा पडलं. बाबा खाऊन गेले.

२४ नोव्हेंबर.

सकाळी अकोल्याला शाळेत फोन. प्रिन्सिपल बाई खूप चांगल्या बोलल्या. जागा भरली. शेगावचा एक तरुण आहे, आठवड्यापासून शिकवतो. मुलींना आवडला. पुढे कधी गरज पडली तर कळवू, असं म्हणाल्या.

मायाला मी फोन केला नाही. संध्याकाळी तिचाच आला. शाळेतून तिला कळलं होतं. मी सगळं सांगितलं, पेटीचं, शेठचं. पलीकडून पिंकीचा पाढ्यांचा आवाज येत होता. मग माया म्हणाली, "या इकडे. बाबाले घेऊन या." मी विचारलं, काम? ती म्हणाली, पाहू. मी विचारलं, म्हणजे किती दिवसांसाठी? तिने फोन ठेवला नाही.

२८ नोव्हेंबर.

फेऱ्या मारल्या. वडाळी तलाव. पहिल्यांदा. धुकं नव्हतं, कुत्री होती. एका कुत्र्याने पाठलाग केला आणि मधेच सोडून दिला.

तलावावर सहा-सात जण पळत होते. त्यात आमचा इंदूरचा शूटर होता. म्हणजे आता त्यांचा. त्याने मला पाहिलं आणि बाजूच्या पायवाटेला वळला. तो आमच्या संत्रापट्टीतला नाही, पण शिकला लवकर.

२ डिसेंबर.

घर आवरलं. बाबांचा कोट, माझ्या जर्सी, लहान कुकर. वरच्या खोलीत शाकीबचा एक मोजा राहिलेला सापडला. धुऊन वाळत घातला. द्यायचा असेल तर अंजनगावला जावं लागेल.

बाबा सामान बांधत होते तेव्हा म्हणाले, मी जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या, पोरगा दुरुस्त करायची हत्यारं नव्हती माझ्याकडं. हे ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. दोरी नीट बांधली.

६ डिसेंबर.

अकोला. गोरक्षण रोडच्या खोल्या. बाबा खालच्या खोलीत, जिना नाही, खूश आहेत. पिंकीने मला तिच्या वहीचं कव्हर घालायला सांगितलं, घातलं. मायाने जागा करून दिली कपाटात, एक कप्पा. ती चांगली वागते. चांगली वागते म्हणूनच बोलता येत नाही.

१३ डिसेंबर. शनिवार.

अंजनगाव विरुद्ध अकोला, इथल्याच हॉलमध्ये. तिकीट काढून गेलो. मायाला बाजारात जातो म्हणून सांगितलं, पिशवीही घेतली. वरच्या रांगेत बसलो. अकोल्याचं पब्लिक, पण आता मी त्यातलाच.

शाकीबने अकोला फाडलं. दुसरा शब्द नाही. डाव्या हाताने आत शिरायचा आणि मान वळवून उजवीकडे पास द्यायचा, सेंटरला कळायच्या आत बॉल त्याच्या हातात. मी पाहताना सारखा हातावर हात मारत होतो. शेजारचा म्हणाला, तुमी अंजनगावचे काय? मी नाही म्हणालो.

सामना संपल्यावर निघालो होतो. त्याने वर पाहिलं आणि मला ओळखलं. पळत पायऱ्या चढून आला, घाम गळत होता. बाबांचं विचारलं, पिंकीचं विचारलं. मी त्याला म्हणालो, तुझा डावा हात सुधारला. तो म्हणाला, तुमचाच शिकवला हाय. खोटं होतं, पण त्याला बोलायची पद्धत आहे.

मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं. ती पेटी तुझी आहे हे तुला कधी कळलं?

शाकीब टॉवेलने तोंड पुसत राहिला. म्हणाला, "डायवरचा फोन आलता नं मले. पेटी पोहोचवली म्हणून. मी खाली आलो त तुमी सोलून राह्यले होते."

मी म्हणालो, मग मागायची ना.

"मांगली असती त भेटली असती, भैया. पन मंग तुमच्या घरी राहाचं कसं मी? दादाजीच्या हातची कढी खाऊन?" तो हसला. "अंजनगावबी बोलावूनच राह्यलं होतं. झालं."

त्याला खालून कोणीतरी हाक मारली. तो गेला.

मला लाज वाटली. किती दिवसांनी काहीतरी वाटलं, आणि तेही हे. शेठने नाही म्हटलं तेव्हा जे समजलं नाही, ते आत्ता समजलं. ज्याच्यावर मी अपयश पचवण्याचं भाषण झाडलं, तो माझं स्टँडपर्यंत ऐकत गेला, कारण त्याच्या हक्काचं मी खाऊन बसलो होतो आणि त्याला ते माझ्या तोंडातून काढायचं नव्हतं. चालत घरी आलो. भाजी घ्यायची राहिली. माया म्हणाली, बाजार बंद होता का? मी म्हणालो, मॅच पाहायला गेलो होतो. ती म्हणाली, माहीत आहे.

१५ डिसेंबर. सोमवार.

आज पिंकीला मी शाळेत सोडलं. माया म्हणाली, तुम्ही मोकळेच आहात.

गेटच्या आत मैदान दिसतं. बास्केटबॉलचा नवा खांब लागलाय. मुली रांगेत उभ्या, शेगावचा तो सर त्यांना लेअप शिकवत होता. डाव्या पायाने उडी घ्यायची ते नीट सांगतो. पण मुलींना पाठ वाकवू देतो, ते चुकतं. त्याचं मूल्यमापन करावं म्हणून मी थोडा आत गेलो. पिंकी तोपर्यंत रांगेत जाऊन उभी राहिली होती. तिने मला पाहिलं आणि हात हलवला नाही, मैत्रिणी होत्या.

वॉचमनने विचारलं, कोण पाहिजे. मी सांगणार होतो की मी प्रोफेशनल खेळाडू. तोंडात आलंच होतं.

म्हणालो, पिंकीचा बाप.

तो म्हणाला, पालकांनी गेटच्या बाहेर थांबायचं. मी बाहेर थांबलो.